गोड न खाणाऱ्या बाईचा दावा

माझ्या आईने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि हजेरीपटावर एकदाही खोटी हजेरी लावली नाही. तपासणीच्या दिवशी आजूबाजूच्या शाळांचे पट फुगायचे. हिच्या वर्गात बावीस पोरं असतील तर बावीसच. मुख्याध्यापक हात जोडायचे, "बाई, दोन तरी वाढवा." बाई ढिम्म हलायच्या नाहीत. अशा बाईला एका विमा कंपनीने दीड पानाचं पत्र पाठवून कळवलं, की तुम्ही आमच्यापासून माहिती दडवलीत.

पत्र माझ्या ईमेलवर आलं. आई तेव्हा वॉकर धरून दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बैठकीपासून बाल्कनीपर्यंत चालायचा सराव करत होती. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. उजवा काही महिन्यांनी करायचा होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की तो तसाच ठेवला तर सगळा भार नव्या गुडघ्यावर येईल, मग तोही जाईल. पत्रात दोन गोष्टी होत्या. डाव्या गुडघ्याचा दावा नामंजूर. आणि पॉलिसीच रद्द, म्हणजे उजव्याचं तुमचं तुम्ही बघा. कारण काय, तर पेशंटला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तो पॉलिसी घेताना सांगितला नाही.

आईला मधुमेह नाही. कधीच नव्हता. त्या क्षणी माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहीत नाही. माझी अकरा वर्षांची लेक आतून ओरडली, "मम्मा, यार, आजी ऐकतेय!"

आजी ऐकतच होती. वॉकर थांबवून म्हणाली, "वाच काय लिहिलंय ते. मराठीत सांग."

मी सांगितलं. तिने वॉकर माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "दडवली म्हणतात? मी?" गुडघ्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही.

आता कुणी विचारेल, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत असताना खासगी पॉलिसी घ्यायची गरजच काय? गरज अशी, की नवऱ्याच्या सरकारी आरोग्य योजनेत त्याचे आईवडील बसतात, बायकोचे बसत नाहीत. माझी आई बारा महिने त्याच्या घरात राहते, त्याचे डबे भरते, त्याच्या मुलीचे पाढे घेते, पण कागदोपत्री ती त्याची कुणीच नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिची वेगळी पॉलिसी काढली. फॉर्म मीच भरला. एकेक प्रश्न आईने स्वतः मोठ्याने वाचला आणि मगच उत्तर दिलं. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तेही लिही म्हणत होती. जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही.

नवरा म्हणाला, "चलो, जाऊ दे. पुढचं ऑपरेशन आपण आपल्या खर्चाने करू. या लोकांशी कोण डोकं लावणार?"

मी म्हटलं, "तू लावू नकोस. मी लावते."

यात माझी थोडी खुमखुमी होती, कबूल करते. पंचविशीत मी याच दिल्लीत अधिकारी व्हायला आले होते. गावातून कुणी पोरगी कलेक्टर व्हायला दिल्लीला जाते म्हणून स्टँडवर अर्धी आळी जमली होती. मी काही झाले नाही. तीनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेले आणि परत आले. आता घरबसल्या एका क्लासच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते. पण एक सवय त्या वर्षांनी लावली ती लावली. कितीही कंटाळवाणा कागद द्या, मी तीन रंगांची पेनं घेऊन बसते आणि त्याच्या नोट्स काढते. पॉलिसीची ती बारीक अक्षरातली पुस्तिका मी अभ्यासक्रमासारखी समोर घेतली.

आई समोर खुर्चीत, पाय स्टुलावर. म्हणाली, "मोठ्याने वाच. आणि चौथीच्या पोराला कळेल असं सांग."

"वेटिंग पीरियड. म्हणजे थांबायचा काळ. आज पॉलिसी घेतली आणि उद्या गुडघा बदलायला गेलं, असं चालत नाही. गुडघ्याला दोन वर्षं थांबायचं होतं. आपण तीन थांबलो."

"बरोबर. पुढे."

"कॅशलेस. म्हणजे हॉस्पिटल आणि कंपनी परस्पर बघून घेणार."

"कुठे घेतलं बघून? डिस्चार्जच्या दिवशी तूच चार तास काउंटरवर उभी होतीस."

"म्हणूनच सांगते, नावावर जाऊ नकोस. पुढचा. लॅप्स. हप्ता चुकला, वरचे सवलतीचे दिवसही गेले, की पॉलिसी संपली."

"आपण चुकवला?"

"एकही नाही. फ्री लुक. म्हणजे कागद हातात पडल्यापासून तीस दिवस. नीट वाचायचा, अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करायची."

"हे एक शहाण्यासारखं आहे," आई म्हणाली. "पुढे?"

पुढे होता तो आमच्यावर टाकलेला शब्द. मटेरियल फॅक्ट. अशी गोष्ट, जी आधी कळली असती तर कंपनीने पॉलिसी दिलीच नसती, किंवा वेगळ्या अटींवर दिली असती. ती सांगितली नाही तर करार मोडला. आईने तो शब्द दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "पण मी सांगायचं ठेवलंय काय?"

तेच शोधायला मी हॉस्पिटलचे कागद काढले. पहिल्याच पानावर सापडलं. भरती करताना शिकाऊ डॉक्टरने लिहिलेली नोंद: मधुमेह, सोळा वर्षं. मी तेव्हा खाली फॉर्म भरत होते, आई वर एकटी होती.

"त्या पोराने तुला विचारलं काय होतं?"

"विचारलं, आंटी, शुगर है? म्हटलं, नहीं. मग म्हणाला, मीठा कितना खाते हो? म्हटलं, सोलह साल से मीठे को हाथ नहीं लगाया."

हे सांगतानाही तिचा चेहरा वर्गात पहिली आल्यासारखा. त्या पोराने मान खाली घालून लिहून टाकलं. बाई गोड खात नाही, त्याअर्थी शुगर आहे. दिल्लीत यापलीकडे कुणाचं डोकं चालत नाही.

पण मला भलताच धक्का बसला होता. आई गोड खात नाही हे मला ठाऊक होतं. गणपतीत आमच्या इमारतीतल्या सगळ्या मराठी घरांचे मोदक ती करते, दिवाळीचे लाडू करते, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडात घास घालून विचारते, "गोड नीट झालंय का बघ." मला वाटायचं, तिला आवडत नाही. तोंडाला मिठी बसते म्हणायची. सोळा हा आकडा मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आई, सोळा वर्षं मोजून? का सोडलंस?"

"नवस आहे."

लेकीने मान वर केली. "नवस मतलब?"

"मन्नत," मी म्हटलं. "कशाचा गं आई?"

"सांगत नसतात. फिटल्यावर सांगायचा."

झालं. मी नाना परीने विचारलं. एकदा चिडून, एकदा लाडाने, एकदा मुलीला पुढे करून. बाई ढिम्म.

मी कंपनीला आईचे साखरेचे रिपोर्ट पाठवले. ऑपरेशनआधीचे, त्याआधीचे, सगळे नॉर्मल. कंपनीचं उत्तर आलं, की हा पथ्याने ताब्यात ठेवलेला मधुमेह आहे. म्हणजे साखर वाढली असती तर मधुमेह होताच, आणि वाढली नाही तर तो लपवलेला मधुमेह! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलं की नोंद चुकीची आहे. कंपनी म्हणाली, हे नंतर सुचलेलं शहाणपण. मग मी विमा लोकपालांकडे तक्रार केली. कंपनी ऐकत नसेल तर आपल्यासारख्यांनी जायची ती जागा. वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहून देता येतं. मी लिहिलं. शब्दमर्यादा नव्हती, तरी सवयीने दोन पानांत संपवलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी आईपुढे बसले. "हे बघ, ते एकच विचारणार. आजार नव्हता तर गोड का सोडलं? मी काय सांगू?"

"नवस होता म्हणून सांग."

"कशाचा विचारलं तर?"

"तर सांग, तिचा तिला ठाऊक."

"तुझ्या हट्टापायी गुडघा जाईल."

"जाऊ दे गुडघा."

"आणि खोटारडी म्हणून नाव लागलंय ते? तेही जाऊ दे?"

ती उठली आणि वॉकर आपटत आत गेली. मला वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही.

सुनावणीला एका बाजूला आम्ही दोघी, समोर कंपनीचा फाइलवाला तरुण, मध्ये टेबलापलीकडे साहेब. साहेब शांत होते, सगळे कागद वाचून आले होते. मी माझ्या मुलाखतीत बोलले नसेन इतकं नीट बोलले. तारखेने तारीख, कलमाने कलम. वेटिंग पीरियड कधी संपला, कुठल्या रिपोर्टात काय आहे, मटेरियल फॅक्ट कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत. अडखळले नाही. तो तरुण जरा बिचकला. मग त्याने त्याचा हुकमी पत्ता टाकला.

"सर, सीधी बात है. बिना बीमारी के सोलह साल मीठा कौन छोड़ता है?"

आई टेबलाची कड धरून उभी राहिली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"मैं छोड़ती हूँ," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "बैठिए माताजी. क्यों छोड़ा, बताइए."

ती बसली नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोर. "मेरी लड़की सोलह साल पहले दिल्ली आई, कलेक्टर की परीक्षा देने. जिस दिन गाड़ी में बैठी, उस दिन भगवान को बोला था, जब तक ये अफ़सर नहीं बनती, मैं मीठा नहीं खाऊँगी."

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिला विचारलं, "तो बन गईं?"

"अभी नहीं," आई म्हणाली.

अभी नहीं! मी एक्केचाळीस वर्षांची बाई. केसांना मेंदी लावते. वयाची अट उलटून किती वर्षं झाली ते मी मोजायचं सोडलं होतं. आणि ही सरकारी साहेबासमोर सांगतेय, अजून नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कंपनीचा तरुण फाइलमध्ये डोकं घालून बसला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि निकाल कळवू म्हणाले.

रिक्षा कोपर्निकस मार्गावरून निघाली. तिथल्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या सदनात अभ्यासाच्या दिवसांत मी रविवारी वरणभात खायला यायचे. आई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिलाही तिथेच नेलं होतं, आणि तिने ताटातलं श्रीखंड माझ्या ताटात सरकवलं होतं. ते आठवलं आणि मी रिक्षातच तिच्यावर ओरडले.

"वेड लागलंय का तुला? माझं वय गेलं! मी आता कधीच होणार नाही! तुझी ती पॉलिसी केव्हाच लॅप्स झाली!"

"लॅप्स कशी होईल?" ती शांतपणे म्हणाली. "हप्ता मी भरत होते ना?"

 मी घर येईपर्यंत बाहेर बघत रडले.

निकाल आला तो आमच्या बाजूने. दावा द्या, पॉलिसी पूर्ववत करा. आईने पत्र घेतलं आणि मला त्यातली एकच ओळ दाखवायला सांगितली. माहिती दडवल्याचे सिद्ध होत नाही. ती तिने बोट ठेवून तीनदा वाचून घेतली. मुलगी "आजी जिंकली" म्हणून नाचत होती. नवऱ्याने मिठाई आणायची का विचारलं आणि जीभ चावली. मी मात्र त्या ओळीकडे बघत उभी होते, आणि मला माझंच तोंड कडू लागत होतं. दडवणारी आई नव्हती. दडवणारी मी होते.

दुपारी घरात आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी सांगून टाकलं. "आई, शेवटचा म्हणून ठरवलेला प्रयत्न मी दिलाच नव्हता."

"कुठला?"

"लेक पोटात होती तेव्हाचा. प्रवेशपत्र पर्समध्ये घेऊन केंद्राच्या फाटकापर्यंत गेले. रिक्षातून उतरले, ती पोरं रांगेत उभी बघितली, आणि त्याच रिक्षाने परत आले. थकले होते गं मी. मला व्हायचंच नव्हतं. तुला फोनवर सांगितलं, पेपर बरा गेला."

आई मटार सोलत होती. हात थांबले. मला वाटलं, आता म्हणेल, होतं असं, जाऊ दे. तसं काही ती म्हणाली नाही.

"त्या निकालात तुझं नाव नव्हतं," ती म्हणाली, "तेव्हा मी देवघरात उभी राहून नाही नाही ते बोलले होते. अकरा वर्षं मी त्याला बोल लावतेय. त्याची चूकच नव्हती."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. मीही मनवायला गेले नाही. काय तोंडाने जाणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "ते तीस दिवसांचं काय असतं म्हणालीस?"

"फ्री लुक. कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो."

"कागद हातात आल्यापासून ना? पहिल्या दिवसापासून नाही?"

"हातात आल्यापासून."

"मग मला खरा कागद परवा मिळाला," ती म्हणाली. "सोळा वर्षं मी ज्याचा हप्ता भरला, ते तुला नकोच होतं. हे आधी कळलं असतं तर मी वेगळं काही मागितलं असतं." आणि कुकरचं झाकण लावलं. मी दारात उभी राहून ऐकलं. मटेरियल फॅक्टची व्याख्या माझ्या वहीत आहे, पण ती मला खरी कळली ती तेव्हा.

उजव्या गुडघ्याची तारीख त्याच महिन्यात मिळाली. भरती व्हायच्या आदल्या दिवशी घरात बेसन भाजल्याचा वास आला. आईने स्टुलावर बसून लाडू वळले आणि नेहमीप्रमाणे एक माझ्या तोंडात घातला. "गोड नीट झालंय का बघ." मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "एकदम बरोबर."

हॉस्पिटलात या वेळी मी फॉर्म नवऱ्यावर सोपवले आणि तिच्या पलंगापाशीच थांबले. शिकाऊ डॉक्टर आली, या वेळी एक मुलगी. कागद मांडीवर घेऊन विचारू लागली.

"आंटी, शुगर?"

"नहीं है."

"मीठा खाते हो?"

मी तोंड उघडणार, तर आईने हाताने मला गप्प केलं. पिशवीतून स्टीलची डबी काढली. झाकण उघडलं, लाडू घेतला, आणि त्या मुलीच्या डोळ्यांत बघत अर्धा लाडू एका घासात तोंडात टाकला. मुलगी पेन धरून बघत राहिली. आई सावकाश चावत होती. डोळे मिटलेले. गळ्याची शीर हलताना मला दिसत होती. मला हुंदका आला तो मी पदर नसताना पदर शोधत दाबला.

"खाती हूँ," आई म्हणाली. "लिखो. शुगर नहीं, मीठा खाती है. और मुझे दिखाओ क्या लिखा."

मुलीने लिहिलं आणि कागद वळवून दाखवला. आईने चष्मा लावून वाचला, मान डोलावली. मुलगी गेली. मग आईने हातातल्या उरलेल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साखर जास्त पडलीये," ती म्हणाली. "नेहमीच पडत होती का?"

मी मान खाली घातली. "हो."

"सोळा वर्षं बोलली नाहीस?"